इंटरकूलरची परीक्षा पहिल्या फेरीत होत नाही

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स ही जपानी गाडी समोरून पाहिली की प्रथम नजरेत भरते ती तिच्या बॉनेटवरची रुंद नाकपुडी. अनेकांना ती निव्वळ दिखावा वाटते. काहींचा समज असा, की इंजिन तिच्यातूनच श्वास घेते. दोन्ही समज चुकीचे आहेत. इंजिनात जाणारी हवा वेगळ्याच वाटेने जाते. नाकपुडीतून शिरणारा वारा इंजिनाच्या माथ्यावर आडव्या ठेवलेल्या एका जाळीदार अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतून आरपार खाली निघून जातो. ही पेटी म्हणजे इंटरकूलर. टर्बो बसवलेल्या स्पोर्ट्स गाडीत इंजिनाची ताकद या पेटीवर अवलंबून असतेच, पण कित्येकदा त्याचे आयुष्यही तिच्यावरच ठरते. असे असूनही मूळची पेटी काढून मोठी बसवणारे हौशी गाडीमालक तिची पारख बहुधा एकाच आकड्यावरून करतात : डायनोवर किती अश्वशक्ती वाढली? हा आकडा खोटा नसतो. पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. टर्बोचार्जर हेच काम अफाट वेगाने करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्ट वायूच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना. बाहेरची हवा २५ अंश सेल्सिअस असेल आणि टर्बो तिला वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेत असेल, तर आदर्श परिस्थितीतही ती सुमारे ९० अंशांपर्यंत तापते. प्रत्यक्षातला कॉम्प्रेसर आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११८ अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही गरम!

गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाब वाढवून मिळवलेला फायदा अंशतः वाया जातो. हे नुकसान सोसता येईल. खरा धोका पुढे आहे. सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीपासून सुरू होऊन शिस्तीने जळत जायला हवे. ते मुळातच फार तापलेले असेल, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. भरवेगात असलेल्या टर्बो इंजिनात हे थोडा वेळ जरी चालले, तरी पिस्टनच्या रिंगांमधल्या नाजूक कडा तुटू शकतात. आधुनिक गाडीतला संगणक नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगी उशिरा पाडतो आणि इंजिन वाचवतो; पण त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते. चालकाला एवढेच जाणवते, की सकाळी झेपावणारी गाडी दुपारी मंद झाली आहे.

पोर्श ९११ टर्बोचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या पहिल्या ९११ टर्बोचे तीन लिटरचे इंजिन २६० अश्वशक्तीचे होते आणि त्याला इंटरकूलर नव्हता. १९७८ च्या मॉडेलसाठी इंजिन ३.३ लिटरचे झाले, त्याला इंटरकूलर मिळाला आणि ताकद ३०० अश्वशक्तीवर गेली. इंजिन गाडीच्या पाठीमागे, मग पेटी ठेवायची कुठे? ती मागच्या पंखाखाली बसवण्यात आली आणि तिला सामावून घेण्यासाठी पंखाचा आकारच बदलावा लागला. स्पोर्ट्स गाडीच्या बाह्यरूपातल्या कित्येक गोष्टींचे मूळ असे उष्णतेत सापडते.

इंटरकूलर किती चांगला, हे मोजण्याचे सूत्र सोपे आहे. तापलेली हवा बाहेरच्या हवेइतकी थंड झाली, तर शंभर टक्के परिणामकारकता. आधीच्या उदाहरणात हवा ११८ अंशांना आत शिरली आणि बाहेर २५ अंश असतील, तर जास्तीत जास्त ९३ अंश उतरवता येतात. पेटीने ६५ अंश उतरवले, तर परिणामकारकता ७० टक्के आणि इंजिनाला मिळणारी हवा ५३ अंशांची. तेवढ्याने हवा सुमारे २० टक्के दाट होते. परंतु ही हवा पेटीतल्या अरुंद नळ्यांतून ढकलताना दाब खर्ची पडतो. दुप्पट दाबातला वीसावा हिस्सा वाटेतच गेला, तर २० टक्क्यांचा लाभ १४ टक्क्यांवर येतो. नळ्यांत पंखे जितके दाट, तितकी हवा थंड, आणि तितकाच दाबही कमी. म्हणून परीक्षेत तापमान आणि दाब दोन्ही, पेटीच्या आधी आणि नंतर, एकाच वेळी नोंदवावे लागतात. केवळ तापमान सांगणारा विक्रेता अर्धीच गोष्ट सांगत असतो.

मोजमापातही एक फसगत आहे. इम्प्रेझाच्या अनेक मॉडेलांत हवेचे तापमान सांगणारा कंपनीचा सेन्सर एअर फिल्टरजवळ, म्हणजे टर्बोच्याही आधी असतो. इंटरकूलरमधून बाहेर पडलेली हवा ५० अंशांची आहे की ८० अंशांची, हे त्याला कळतच नाही. त्याच्या आकड्यांवरून इंटरकूलरची परीक्षा करणे म्हणजे स्वयंपाकघरातली गरमी दिवाणखान्यातल्या तापमापकावर मोजण्यासारखे आहे. त्यामुळे परीक्षकाला पेटीच्या दोन्ही तोंडांशी स्वतःचे सेन्सर बसवावे लागतात, आणि तेही बारीक तारेचे, चटकन प्रतिसाद देणारे. जाड आवरणातला सेन्सर हवेचा ताप कळवेपर्यंत गाडीने गिअर बदललेला असतो.

आता मूळ प्रश्न. डायनोवर गाडी चढवली जाते, एका गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन कमी फेऱ्यांपासून शेवटापर्यंत नेले जाते आणि आठ-दहा सेकंदांत आलेख तयार होतो. या आठ-दहा सेकंदांत इंटरकूलर नेमके काय करतो? दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर आणि दुप्पट दाबावर सेकंदाला साधारण २०० ग्रॅम हवा गिळते. तिच्यातून ६५ अंश उतरवायचे म्हणजे सुमारे १३ किलोवॅट उष्णता काढून घ्यायची. घरातले दोन किलोवॅटचे सहाहून अधिक गिझर एकदम चालू केल्यासारखे हे आहे! ही उष्णता प्रथम जाते ती पेटीच्या धातूत. पूर्ण फेरीची सरासरी याच्या निम्मी धरली, तरी दहा सेकंदांत चार किलोचा अ‍ॅल्युमिनियमचा गाभा जेमतेम १८ अंश तापेल, आणि तेही बाहेरून वाऱ्याची एक झुळूकही आली नाही असे मानून. गाभा आठ किलोचा असेल, तर नऊच अंश.

याचा अर्थ असा, की एका छोट्या फेरीत पेटीची थंड करण्याची क्षमता मोजलीच जात नाही. मोजले जाते ते तिचे वजन. मोठा, जड इंटरकूलर उष्णता स्पंजासारखी शोषून घेतो आणि आलेखावर बाजी मारतो. ती उष्णता वाऱ्यावर सोडून देणे त्याला जमते का, हा प्रश्न तिथे विचारलाच गेलेला नसतो. थोड्या अंतराच्या शर्यतीसाठी एवढे पुरेसे आहे. वीस मिनिटे ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यासाठी नाही.

म्हणून गंभीर परीक्षा लागोपाठ फेऱ्यांची असते. एकच गिअर, ठरलेल्या फेऱ्यांपासून ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत, मध्ये घड्याळ लावून सारखी विश्रांती, आणि पुन्हा तेच. पहिल्या फेरीतले आकडे जवळपास बाजूलाच ठेवायचे. पाचव्या-सहाव्या फेरीत इंटरकूलरनंतरची हवा किती तापलेली आहे, ती फेरीगणिक चढतच चालली आहे की एका पातळीवर स्थिरावली आहे, आणि मधल्या विश्रांतीत ती किती लवकर खाली येते, यांतून पेटीचा खरा स्वभाव कळतो. सोबत ठिणगीची वेळही नोंदवली, तर संगणक इंजिनाला आवरू लागला तो क्षणही दिसतो. आकडे बाहेरच्या हवेच्या तुलनेतच मांडावे लागतात. ‘सोमवारी ४५ अंश, शुक्रवारी ५२’ याला अर्थ नाही. शुक्रवारी ऊनच सात अंशांनी जास्त असेल.

डायनोची आणखी एक मर्यादा म्हणजे तिथला पंखा. ताशी १०० किलोमीटर वेगाने पळणाऱ्या गाडीवर जो वारा आदळतो, त्याची नक्कल बहुतेक कार्यशाळांतल्या पंख्यांना साधत नाही. बंपरमागे बसवलेल्या इंटरकूलरला तो पंखा निदान समोरून भिडतो. बॉनेटच्या नाकपुडीत मात्र पुरेसा वारा शिरत नाही. त्यामुळे दोन वेगळ्या जागी बसवलेल्या पेट्यांची डायनोवर तुलना केली, तर एकीवर अन्याय ठरलेलाच. शेवटचा निकाल बंद ट्रॅकवरच लावावा लागतो. सार्वजनिक रस्त्यावर तो लावू पाहणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे आहे.

जागेचा हा वाद सुबारू आणि मित्सुबिशी यांच्या जुन्या स्पर्धेत ठळकपणे दिसला. दोघींच्या गाड्या १९९२ मध्ये आल्या. इम्प्रेझाने पेटी इंजिनावर ठेवली; लान्सर इव्होल्यूशनने, म्हणजे आपल्याकडे धावलेल्या साध्या लान्सरच्या तापट भावंडाने, ती बंपरमागे उभी केली. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे इम्प्रेझा चालवून जागतिक रॅली विजेता झाला आणि १९९६ ते १९९९ अशी सलग चार विजेतेपदे टॉमी मॅकिनेनने मित्सुबिशीला मिळवून दिली. इंजिनावरच्या पेटीत हवेचा मार्ग आखूड असतो, त्यामुळे प्रतिसाद चटकन मिळतो. पण गाडी सिग्नलला थांबली, की खालच्या इंजिनाची आणि टर्बोची धग तिला भाजून काढते आणि हिरवा दिवा लागल्यावर पहिले काही क्षण इंजिनाला तापलेली हवा गिळावी लागते. पुढे उभ्या केलेल्या पेटीला हा त्रास कमी. मात्र तिच्या लांबलचक नळ्या दाबाने भरायला वेळ लागतो, शिवाय ती रेडिएटरसमोर पडदा होऊन उभी राहते. म्हणूनच हवेसोबत इंजिनातल्या पाण्याचे तापमानही नोंदवावे लागते. इंटरकूलर उत्तीर्ण आणि रेडिएटर नापास, असा निकाल लागणे दुर्मिळ नाही.

या दोन्ही गाड्यांच्या तेज आवृत्त्यांत इंटरकूलरवर पाण्याचे फवारे मारण्याची सोय होती. तत्त्व आपल्या माठाचेच : पाणी वाफ होताना उष्णता ओढून नेते. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली, तर सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे वर मोजलेला १३ किलोवॅटचा भार जवळपास तीन मिनिटे पेलला जातो. प्रत्यक्षात बरेचसे पाणी वाफ न होता जाळीतून गळून जाते. म्हणून परीक्षेत फवारा चालू आणि बंद अशा दोन्ही फेऱ्या घ्याव्या लागतात. नाहीतर श्रेय पाण्याचे आणि कौतुक पेटीचे, असा घोटाळा होतो.

तिसरा मार्ग हवेऐवजी पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरचा. इंजिन मधोमध असलेल्या लोटस एस्प्रिटला वारा मिळणे कठीण, म्हणून १९८९ च्या टर्बो एसईमध्ये हा उपाय योजला गेला. पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या साडेचारपट उष्णता साठवते, त्यामुळे अशी पेटी पहिल्या काही फेऱ्यांत अजिंक्य भासते. पण साठवलेली उष्णता पुढच्या छोट्या रेडिएटरमधून बाहेर गेली नाही, तर दहाव्या फेरीला तेच पाणी गरम राहते आणि निवायलाही वेळ घेते. या पेटीला तर लांबलचक परीक्षा अधिकच आवश्यक.

चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोच्या १.२ टीएसआय इंजिनातही पाण्याने थंड होणाराच इंटरकूलर होता. ती काही ट्रॅकवरची गाडी नव्हे, पण टर्बो पेट्रोल इंजिन आता महाराष्ट्रात नवलाईचे राहिलेले नाही आणि येथील उन्हाळा युरोपातला नाही. बाहेर ४० अंश असताना दुप्पट दाबाची हवा १३८ अंशांवर जाते. त्याच ७० टक्के परिणामकारकतेच्या पेटीतून ती ६९ अंशांची होऊन बाहेर पडते, म्हणजे २५ अंशांच्या दिवसापेक्षा तब्बल १६ अंश गरम. येथील साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला लवकर बळी पडणारे होते. परदेशातल्या थंड सकाळी काढलेला आलेख दाखवून कोणी इंटरकूलर विकू पाहत असेल, तर ग्राहकाने त्याच्याकडे तीन गोष्टी मागाव्यात : बाहेरचे तापमान किती होते, दाब किती घटला, आणि सहाव्या फेरीचा आकडा काय.