व्हेगन मुलांवरचं संशोधन कसं वाचायचं? मी कुठे चुकले त्याची गोष्ट

पेट किंवा नेटची तयारी करताना संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण सॅम्पलिंग, व्हेरिएबल, बायस, कन्फाउंडर यांच्या व्याख्या पाठ करतो. मीही केल्या होत्या, मार्कही बरे पडले होते. पण त्याच व्याख्या घरातल्या एका साध्या प्रश्नाला लावायची वेळ आली तेव्हा मी सपशेल चुकले. आजचा लेख त्या चुकीवर आहे.

आमचं घर साताऱ्याचं. ताई लग्न होऊन सांगलीला गेली. चार-पाच वर्षांपूर्वी ती आणि भाऊजी व्हेगन झाले. म्हणजे मांस, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधही नाही. सांगली जिल्ह्यात राहून दूध सोडायचं ही सोपी गोष्ट नाही. भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ पासून आहे, आजूबाजूला प्रत्येक गावात दूध संकलन केंद्र आहे आणि पाव्हण्यांना दुधाचा चहा न देणं हा जवळजवळ अपमान समजतात. ताईच्या सासूबाईंनी सुनेचं समजून घेतलं. पण नात झाली आणि तिचं वर्ष उलटल्यावरही तिला गाई-म्हशीचं दूध सुरू होईना, तेव्हा घरात रोज कुरबुर सुरू झाली. वरणावर तूप घालायचं की नाही इथपासून वाढदिवसाला साताऱ्याचे कंदी पेढे आणायचे की नाही इथपर्यंत.

मुलगी दीड वर्षाची असताना ताईचा फोन आला. "अगं, तू पीएचडी करतेस ना, एक सांग. दूध न देता मूल नीट वाढतं का? नक्की काय ते सांग, म्हणजे आईंना दाखवता येईल."

मी जैवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी. लॅपटॉप उघडला, शोधलं, दहा मिनिटांत एक जर्मन अभ्यास सापडला. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचला आणि मेसेज टाकला: "वजन-उंचीत फरक नाही. बिनधास्त राहा."

सहा महिन्यांनी मुलीला नेहमीच्या तपासणीला नेलं. डॉक्टरांनी काय काय खाते ते विचारलं, रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ बरंच कमी निघालं, हिमोग्लोबिनही थोडं खाली. उपचार लगेच सुरू झाले, आता ती ठणठणीत आहे. पण त्या संध्याकाळी ताई फोनवर एवढंच म्हणाली, "तू म्हणाली होतीस ना." मागून सासूबाईंचा आवाज आला, "दूध तोडलं, दुसरं काय हुणार!"

त्या रात्री मी तो पेपर पहिल्यांदा पूर्ण वाचला.

पेपर एक: जर्मनी

हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एक ते तीन वर्षांची ४३० मुलं, त्यात १३९ व्हेगन, १२७ शाकाहारी आणि १६४ मिश्राहारी. पालकांनी तीन दिवस मुलाचं खाणं वजन करून नोंदवलं. निष्कर्ष असा की तिन्ही गटांच्या सरासरी वजन-उंचीत लक्षणीय फरक नाही. मी ताईला सांगितलं ते एवढंच, आणि ते खोटं नव्हतं.

मग मी काय वाचलं नव्हतं?

पहिली गोष्ट, त्या व्हेगन मुलांपैकी बहुतेकांना बी-१२ चं पूरक औषध दिलं जात होतं. म्हणजे तो अभ्यास 'व्हेगन आहार' या गोष्टीचा नव्हता, 'व्हेगन आहार अधिक बी-१२' याचा होता. आमच्या भाचीला पूरक काहीच नव्हतं. जी गोष्ट मोजलीच नाही तिचा निष्कर्ष मी तिला लावला.

दुसरी, सरासरी सारखी होती, पण टोकं सारखी नव्हती. वयाच्या मानाने उंची फार कमी असलेली मुलं व्हेगन गटात ३.६ टक्के होती, शाकाहारी गटात २.४ टक्के आणि मिश्राहारी गटात एकही नाही. १३९ मध्ये ३.६ टक्के म्हणजे पाच मुलं. आकडा लहान आहे, त्यावरून घाबरायचं कारण नाही. पण 'सरासरीत फरक नाही' म्हणजे 'कुणालाच काही झालं नाही' असा अर्थ होत नाही, हे मी विसरले.

तिसरी, अशा अभ्यासात कोण स्वतःहून येतं? ज्यांना या विषयात रस आहे, जे मुलाची वाटी-वाटी वजन करायला तयार आहेत असे पालक. व्याख्येत आपण याला सिलेक्शन बायस म्हणतो. परीक्षेत चार मार्कांना येतो, आयुष्यात असा येतो.

पेपर दोन: पोलंड

२०२१ चा. पाच ते दहा वर्षांची १८७ मुलं, त्यात ५२ व्हेगन. इथे उंची संशोधकांनी स्वतः मोजली, हाडांची खास यंत्राने तपासणी केली. व्हेगन मुलं सरासरी ३ सेंटिमीटरनी बुटकी होती आणि हाडांतलं खनिजाचं प्रमाणही कमी होतं. त्याच वेळी त्यांचं एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे पाव हिश्श्याने कमी होतं, जे चांगलंच म्हणायचं. बी-१२ ची कमतरता व्हेगन मुलांत जास्त आढळली.

सासूबाईंच्या हातात हा पेपर आधी पडला असता तर? त्यांचंही 'सिद्ध' झालं असतं. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. पण मुलांची वयं वेगळी, देश वेगळे, मोजण्याची रीत वेगळी. आणि दोन्ही क्रॉस-सेक्शनल, म्हणजे एका वेळेचा फोटो. फोटोत माणूस जिन्यावर दिसला तर तो चढतोय की उतरतोय ते कळत नाही.

म्हणूनच तज्ज्ञ संस्थाही एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं की नीट आखलेला व्हेगन आहार बालपणासकट सगळ्या टप्प्यांवर चालतो. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी त्याची शिफारस नाकारली. २०२४ मध्ये याच जर्मन संस्थेने भूमिका बदलली: मुलांच्या बाबतीत बाजूने किंवा विरुद्ध ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही. 'इतका पुरावा नाही' असं म्हणणं हाही निष्कर्षच असतो, हे तेव्हा मला लक्षात यायला हवं होतं.

आता आपल्याकडे या

पुढचा भाग माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा ठरला. सासूबाईंचं गृहीतक होतं: दूध तोडलं म्हणून बी-१२ कमी झालं. ऐकायला अगदी सरळ. पण ते तपासायचं तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो: दूध पिणाऱ्यांचं किती आहे?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी या नावाने तो जगभर माहीत आहे. २००८ च्या त्यांच्या पेपरमध्ये ७०० गर्भवतींची माहिती आहे. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांचं बी-१२ कमी होतं. या काही व्हेगन बायका नव्हत्या. तुमच्या-माझ्या घरासारखंच भाकरी-भाजी-आमटी आणि थोडं दूध-दही असं त्यांचं जेवण. फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच, कारण ते डाळी-पालेभाज्यांतून मिळतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा ज्यांच्या आयांचं बी-१२ सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली.

याचं कारण समजून घेऊ. बी-१२ कुठलीच वनस्पती तयार करत नाही आणि खरं तर प्राणीही करत नाहीत. ते जिवाणू तयार करतात. गाईच्या पोटातले जिवाणू ते बनवतात आणि त्यातलं थोडं दुधात उतरतं. १०० मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या थोडी वर. आता आपला हिशोब करा: दिवसातून दोन कप चहा, त्यात मिळून १०० मिलि दूध. गरजेचा पाचवा हिस्साही होत नाही, उकळून त्यातलंही थोडं जातं. 'आम्ही दूध घेतो' या वाक्यात किती घेतो ते नसतंच.

दुसरं म्हणजे मोठ्या माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे दूध सोडूनही ताईला काही जाणवलं नाही. बाळाचा साठा मात्र आईकडून मिळालेला, छोटासा. आईचंच कमी असेल तर अंगावरच्या दुधातही कमी उतरतं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली 'द लॅन्सेट'मध्ये अशाच बाळांचं वर्णन केलं होतं. फक्त अंगावर पिणारी, मलूल झालेली, शिकलेल्या हालचाली विसरू लागलेली बाळं. बी-१२ दिल्यावर ती सुधारली. म्हणजे हा प्रश्न 'व्हेगन' ही फॅशन आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीचा, आणि मुलाच्या ताटापेक्षा आधी आईच्या ताटाचा आहे.

हे वाचल्यावर मी घरात सगळ्यांना तपासणी करायला लावली. ताईचं कमी निघालं, ते अपेक्षितच होतं. पण तीन वेळा दुधाचा चहा घेणाऱ्या माझंही कमी निघालं. आणि सासूबाईंचं माझ्याहून कमी. रिपोर्ट बघून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग माझं कुणी तोडलं?"

संशोधनाच्या भाषेत हा प्रश्न म्हणजे कंट्रोल ग्रुप. तो नव्हता तोवर आम्ही सगळा दोष एका गोष्टीवर टाकून मोकळे झालो होतो. अर्थात चार जणांच्या रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही. भाचीच्या कमतरतेत व्हेगन आहाराचा वाटा नाही असंही मी म्हणणार नाही, तो असणारच. पण तो किती आणि ताई व्हेगन होण्याआधीपासूनचा किती, हे आता कधीच कळणार नाही. कारण आधीची नोंद, म्हणजे बेसलाइन, कुणी घेतलीच नव्हती.

असा अभ्यास सातारा-सांगलीत करायचा झाला तर?

प्रपोजल लिहायच्या सरावासाठी हा प्रश्न घ्या. 'व्हेगन आहार मुलांना वाईट आहे का?' हा संशोधन प्रश्न नाही, तो भांडणाचा विषय आहे. त्याचा प्रश्न करायचा तर असे टप्पे लागतील:

१. व्याख्या. कोण व्हेगन? घरी नाही पण आजोळी ताक पितो तो कुठल्या गटात? पूरक औषध घेणारे आणि न घेणारे हे दोन गट वेगळे ठेवायलाच हवेत.

२. मोजायचं काय? नुसतं वजन-उंची नको. बी-१२, होमोसिस्टीन, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, आणि आईचं बी-१२ सुद्धा.

३. तुलना कुणाशी? 'नॉर्मल' मुलांशी म्हणाल तर अडचण आहे. पुण्याच्या अभ्यासाकडे पाहिलं तर इथल्या 'नॉर्मल'मध्येच कमतरता असू शकते.

४. सॅम्पल. दोन जिल्ह्यांत व्हेगन कुटुंबं किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दूध-दही, अंडी, मासे, चिकन किती वेळा खाता असं विचारतात, 'व्हेगन आहात का' असं नाही. म्हणजे यादीच हाताशी नाही. ओळखीतून ओळख काढत गेलात तर पुन्हा सिलेक्शन बायस.

५. नैतिकता. मुलांचे दोन गट करून एकाला बी-१२ न देणं हे करताच येत नाही. कमतरता सापडली की उपचार करणं बंधनकारक. पण उलट दिशेने प्रयोग करता येतो. पुण्याच्या गटाने तेच केलं: २०१२ पासून त्याच अभ्यासातल्या, आता तरुण झालेल्या मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहिलं. काढून घेता येत नसेल तर देऊन बघा. प्रयोगाची ही रचना मुलाखतीत विचारली तर हे उदाहरण जरूर द्या.

ताईच्या घरी आता काय चालतं

ती व्हेगनच आहे. मुलीला बालरोगतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं बी-१२ न चुकता दिलं जातं, ठरावीक महिन्यांनी तपासणी होते. ताई स्वतःही घेते. बाकीच्या ताटाची चिंता आपल्या भागात तुलनेने कमी. कोरेगावचा वाघ्या घेवडा, माणदेशी मटकी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची आमटी. प्रथिनं त्यातून मिळतात. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. पण इथेही मी आता जपून बोलते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधात १२० च्या आसपास, हे खरं. पण लहान मुलाची भाकरी असते तीस-चाळीस ग्रॅम पिठाची, आणि नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही. 'नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम' हे वाक्य बरोबर असून अपुरं आहे. अगदी माझ्या मेसेजसारखंच.

आणि सासूबाई? त्या चहा दुधाचाच घेतात. त्यांनाही डॉक्टरांनी बी-१२ सुरू केलं आहे. रोज रात्री आठवण करून द्यायचं काम नातीकडे आहे.

तुम्हालाही कधीतरी घरून फोन येईल, "तू शिकतेस ना, जरा सांग." तेव्हा एवढं करा. अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर थांबू नका. पद्धतीचा भाग वाचा, तक्ते बघा, मर्यादांचा परिच्छेद वाचा. त्या अभ्यासातली माणसं आणि फोनवरचं माणूस यांच्यात काय फरक आहे ते कागदावर लिहा. मग उत्तर द्या. आणि लहान मुलाचा प्रश्न असेल तर शेवटचं वाक्य "डॉक्टरांना दाखव" हेच ठेवा.

पुढच्या लेखात कन्फाउंडर कसे ओळखायचे ते उदाहरणांसह बघू. तुमच्या घरात असा एखादा 'सिद्ध झालेला' वाद असेल तर तो आधी लिहून ठेवा, त्यावरच सराव करू.