वीतभर रबराचा शोध

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ बंदरांमध्ये इंजिनदुरुस्तीचा हंगाम असतो. हर्णै, मिरकरवाडा, मालवण कुठेही जा, बोटी शाकारलेल्या आणि इंजिनं उघडलेली दिसतात. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांची चिंता फारशी नसते. झिजलेलं लोखंड लेथवर सुधारता येतं, सिलिंडरला नवी लायनर बसवता येते. काम अडतं ते कित्येकदा एखाद्या काळ्या, वाकड्या, वीतभर लांबीच्या रबरी पाइपापाशी. तीस-चाळीस वर्षं चाललेलं इंजिन तयार असतं, पण त्यातलं पाणी एका भागातून दुसऱ्या भागात नेणारा होज दुकानात मिळत नाही.

तो का मिळत नाही, हे कळण्यासाठी इंजिनाचं कुळ पाहावं लागतं. १९४८ साली मद्रासला ऑस्टिन मोटारी जोडण्यासाठी अशोक मोटर्स ही कंपनी निघाली. १९५५ मध्ये इंग्लंडच्या लेलँडशी तिची भागीदारी झाली आणि ती अशोक लेलँड झाली. लेलँडच्या ‘४००’ या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाने आपल्याकडे असंख्य ट्रक आणि बस ओढल्या. नावातला आकडा इंजिनाच्या आकारमानाचा: ४०० घन इंच, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर. याच घराण्यातलं सागरी इंजिन ‘एएलएम ४००’ या नावाने मासेमारी ट्रॉलरवर आलं. ही तऱ्हा फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये फोर्ड आणि पर्किन्स यांची ट्रक-ट्रॅक्टरची इंजिनंही अशीच समुद्रात उतरली.

ट्रकचं इंजिन बोटीत बसवायचं, तर सर्वांत मोठा बदल पाण्याच्या वाटांमध्ये करावा लागतो. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात उतरते. ट्रकमध्ये ती रेडिएटर आणि वारा वाहून नेतात. बोटीच्या पोटात वारा नाही, म्हणून रेडिएटरची जागा समुद्राला द्यावी लागते. त्यासाठी पाण्याचे दोन वेगळे फेरे असतात. गोडं पाणी इंजिनाच्या ब्लॉकमधून, हेडमधून आणि थर्मोस्टॅटमधून बंद वाटेने फिरत राहतं. खारं पाणी तळाच्या कॉकमधून आत येतं, जाळीतून गाळलं जातं आणि रबरी पात्यांच्या पंपाने हीट एक्स्चेंजरकडे ढकललं जातं. एक्स्चेंजरमध्ये खारं पाणी बारीक नळ्यांमधून वाहतं, गोडं पाणी त्या नळ्यांभोवती. उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते, पाणी मात्र मिसळत नाही. इंजिन ऑइलचा आणि गिअर ऑइलचा कूलरही या खाऱ्या वाटेवर असू शकतो.

शोधाची खरी अडचण इथेच आहे. इंजिनाचा ब्लॉक ट्रकच्या कारखान्याचा. हीट एक्स्चेंजर, पाण्याचं आवरण असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि खाऱ्या पाण्याचा पंप हे सागरी रूपांतर करणाऱ्याचे. ज्या होजची दोन्ही टोकं ब्लॉकवर आहेत, तो ट्रकच्या सुट्या भागांत मिळण्याची शक्यता चांगली. ज्याचं एक टोक ब्लॉकवर आणि दुसरं एक्स्चेंजरवर आहे, तो ट्रकवाल्याच्या यादीत नसतो. रूपांतर करणाऱ्याने तो स्वतःच्या मांडणीसाठी मोजकाच करून घेतलेला असतो. त्याने ते मॉडेल बंद केलं की त्या होजचा पार्ट नंबर निरुपयोगी होतो. मुंबईत ट्रकचे भाग मिळवायला ऑपेरा हाऊस, रबर-होजसाठी नागदेवी आणि मोडीत निघालेल्या जहाजांच्या मालासाठी दारूखाना आहे. पण कोणता होज कुठे शोधायचा, हे त्याची दोन टोकं कोणाच्या भागांवर आहेत यावर ठरतं.

होज मरतो कसा, हेही नीट समजून घेण्यासारखं आहे. आजचे बहुतेक कूलंट होज ईपीडीएम या कृत्रिम रबराचे असतात, आत सुताची वीण घातलेली असते. हे रबर उष्णता आणि पाणी छान सोसतं, पण डिझेल आणि ऑइल लागलं की फुगून मऊ पडतं. बाहेरून पडणाऱ्या भेगा डोळ्यांना दिसतात. आतून होणारी झीज दिसत नाही. ब्लॉकचं लोखंड, नळीचा धातू आणि कूलंट मिळून एक क्षीण विद्युतघट तयार होतो, रबराच्या आतल्या थरात बारीक चिरा पडतात आणि त्यांतून पाणी विणीपर्यंत पोचतं. हे नुकसान टोकांजवळ, क्लिपपासून दोन-तीन बोटांवर जास्त होतं. म्हणून इंजिन थंड असताना होज आधी मध्यावर आणि मग टोकापाशी चिमटीत दाबून पाहतात. टोक मध्यापेक्षा मऊ किंवा पोकळ लागलं, तर बाहेरून कितीही काळाभोर दिसो, तो बदलायचा.

बदलला नाही तर काय होतं, हे कोणत्या फेऱ्याचा होज फुटला यावर आहे. गोड्या पाण्याचा फुटला तर इंजिन तापतं, हेड वाकतं. त्यात एक फसगत आहे: पाणी पूर्ण गळून गेलं की तापमान मोजणारा सेन्सर कोरड्या जागी उरतो आणि काटा खरं तापमान दाखवेलच असं नाही. खाऱ्या पाण्याचा होज पाण्याच्या रेषेखाली निसटला, तर प्रश्न थेट बोटीचा. दीड इंची तोंड पाण्याखाली दोन फुटांवर उघडं पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून अधिक पाणी आत येतं. म्हणूनच रेषेखालच्या प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावतात.

आता नवा होज. माप घ्यायचं ते जुन्या होजचं नव्हे, तो ज्या धातूच्या नळीवर चढतो तिचं, कारण जुनं रबर फुगलेलं असतं. व्हर्नियरने नळीचा बाहेरचा व्यास मोजायचा. तोच होजचा आतला व्यास. जुन्या ब्रिटिश घडणीच्या इंजिनांत मापं इंचांत असतात. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, त्यावर ३२ चा होज चालतो. दीड इंच म्हणजे ३८.१, त्यावर ३८ चा थोडा जोर लावून चढतो. मात्र ४० चा होज क्लिप आवळून बसवला तर त्याला सुरकुती पडते, आणि पाणी तिथूनच झिरपतं. दोन टोकांचे व्यास वेगळे असतील तर तेही टिपून ठेवायचे. वळणासाठी वेल्डिंगची जाड तार घेऊन ती होजच्या मध्यरेषेप्रमाणे वाकवायची. हातात ही तार असली की दुकानदाराला मॉडेल सांगत बसावं लागत नाही. दुसऱ्याच एखाद्या गाडीचा लांब मोल्डेड होज घेऊन त्यातलं हवं ते वळण कापून काढता येतं. फक्त दोन्ही टोकांना नळीवर पुरेसं चढेल इतकं सरळ रबर शिल्लक राहिलं पाहिजे.

पंपाच्या ओढीच्या बाजूला मात्र साधा मऊ होज चालत नाही. तिथे आत तारेची वेटोळी असलेलाच लागतो. तार नसेल तर इंजिन जोरात फिरताना पंपाच्या ओढीने होज आत चेपतो, पाणी तुटतं, इंजिन तापतं. इंजिन बंद करून पाहावं तर होज पुन्हा गोल! असा दोष शोधताना भलेभले मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलत बसतात. रंगीत सिलिकॉनचा होज उष्णता जास्त सोसतो, पण डिझेल-ऑइलपुढे तोही टिकत नाही. शिवाय खाचा आरपार असलेली साधी क्लिप त्याला कापते. पाणी नेतो म्हणून बागेतला प्लास्टिकचा पाइप इंजिनाला जोडणं म्हणजे संकट विकत घेणं.

क्लिपेचाही एक इतिहास आहे. स्क्रू फिरवला की पट्टी आवळली जाते, ती जुबिली क्लिप ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन या अधिकाऱ्याने काढली. पेटंट १९२१ चं. समुद्रावर तिची परीक्षा मिठाशी असते. पुष्कळ स्वस्त क्लिपांची पट्टी स्टेनलेस असते आणि स्क्रू साधा लोखंडी. तो आधी गंजतो. दुकानातच लोहचुंबक लावून पाहिलं तर ही लबाडी उघडी पडते. बसवताना नळीवरचा गंज पॉलिश पेपरने काढायचा, होज साबणाच्या पाण्याने सरकवायचा, ग्रीस लावायचं नाही आणि क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे आवळायची.

जाणत्या मिस्त्रीचं कसब मूळ होजची हुबेहूब नक्कल मिळवण्यात नसतं. दुहेरी वळणाचा, कुठेच न मिळणारा होज समोर आला की मिस्त्री वळण रबरातून काढून धातूत घालतो. स्टेनलेस किंवा क्युप्रोनिकेलचा बेंड करून घेतो, त्याला आधार देतो आणि दोन्ही टोकांना सरळ होजचे छोटे तुकडे जोडतो. इंजिनाची थरथर ते तुकडे सोसतात, वळण धातू सांभाळतो. जोड वाढतात, म्हणजे गळतीच्या जागा वाढतात. हा तोटा आहेच. पण पुढच्या वेळी हवा असतो तो फक्त ठरावीक व्यासाचा सरळ होज, आणि तो तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही फुटावर मिळतो. ती मापं इंजिन रूमच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवली, तर बोट दुसऱ्याला विकली गेली तरी नव्या मालकाला हा शोध पहिल्यापासून करावा लागत नाही.