शिकवण्याची मजुरी

आपली घरे बांधणाऱ्या बहुतेक गवंड्यांनी त्यांचे काम कुठल्याही शाळेत शिकलेले नाही. गावाकडचा पोरगा ओळखीच्या मुकादमाबरोबर साइटवर येतो आणि बिगारी म्हणून घमेली उचलतो, माल कालवतो, विटा पोहोचवतो. मिस्त्री जेवायला बसला की त्याची थापी घेऊन हात चालवून बघतो. काही वर्षांनी त्याच्याकडे ओळंबा येतो आणि मजूर नाक्यावर तो मिस्त्रीची मजुरी मागू लागतो. ही उमेदवारीच आहे. फक्त तिला मुदत नाही, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. मुख्य म्हणजे शिकवणाऱ्याला शिकवण्याबद्दल काही मिळत नाही. मिस्त्री उक्ते काम घेतो, चौरस फुटावर पैसे मिळवतो. पोराला पाणसळ कशी धरायची हे दाखवायला तो थांबला, तर त्याचीच कमाई बुडते. बांधकामातल्या प्रशिक्षणाचा प्रश्न इथे अडला आहे, असे माझे मत आहे. केंद्रे आणि प्रमाणपत्रे यांची चर्चा खूप होते, या बुडालेल्या मजुरीची होत नाही.

बघून शिकलेल्याला ‘कसे’ कळते, ‘का’ कळतेच असे नाही. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात जास्तीचे पाणी ओतले जाते, पण त्याने काँक्रीटची ताकद घटते. सळईखाली योग्य जाडीचे कव्हर ब्लॉक ठेवले नाहीत, तर स्लॅब वरून ठीक दिसतो आणि काही वर्षांत आतली सळई गंजून खालचा थर सुटू लागतो. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी मारायला हवे. बाजारात आज सर्रास पीपीसीच मिळते, हे माहीत नसलेला माणूस आठवड्याने पाणी बंद करतो. या अज्ञानाची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या जड माळवदाखाली गाडली गेली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर सांधणारे आरपार लांब दगड बहुतेक घरांत नव्हते. नंतरच्या पुनर्वसनात गवंड्यांना ते दगड घालायला आणि भिंतींना पट्टे बांधायला मुद्दाम शिकवावे लागले.

कायदा नाही असे नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा आहे. आजच्या नियमांप्रमाणे 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कारखान्याला हे जमते, कारण कारखाना जागचा हलत नाही. बांधकामात बिल्डर ठेकेदाराला काम देतो, ठेकेदार पोटठेकेदाराला, आणि शेवटी गवंडी असतो आठ-दहा जणांच्या टोळीत. ती टोळी सक्तीच्या मर्यादेत बसत नाही आणि काही महिन्यांत दुसऱ्या साइटवर जाते. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण वर्षभर कमाई सोडून तिथे बसणे बिगाऱ्याला परवडत नाही.

म्हणून शिकवण्याचा खर्च मालकाऐवजी इमारतीवर बसवावा. जर्मनीत गवंडी तीन वर्षांत तयार होतो. तो काही काळ कंपनीत असतो, काही काळ शाळेत आणि सामायिक प्रशिक्षण केंद्रात. बांधकाम क्षेत्रातल्या सर्व कंपन्या एका निधीत पैसे भरतात आणि जी कंपनी शिकवते तिला त्यातून मोठा परतावा मिळतो. असा निधी आपल्याकडेही आहे. 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर सुरू झाला आणि तो कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्यातला ठरावीक वाटा शिकवणाऱ्या मिस्त्रीच्या मानधनाला आणि शिकणाऱ्याच्या विद्यावेतनाला द्यावा.

हा पैसा दवाखान्याचा आणि पेन्शनचा आहे, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे, आणि त्या योजनांना कात्री लावून प्रशिक्षण नकोच. पण याच उपकराचे कोट्यवधी रुपये राज्यांकडे पडून राहिले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना फटकारले आहे. कमी पडतो तो खर्च करण्याचा निर्धार. दुसरा आक्षेप असा की शिकून झाल्यावर पोरगा दुसऱ्या ठेकेदाराकडे जाईल. जाऊ दे. पैसे कुणा एका ठेकेदाराने घातलेलेच नाहीत, त्यामुळे त्याचे नुकसान होत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: आहे तीच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, मग बदल कशाला? पुरुषांपुरते हे निदान अर्धे खरे आहे. पण त्याच साइटवर बाई विशी ते पन्नाशी घमेलेच वाहते, तिच्या हातात थापी जवळजवळ कधीच दिली जात नाही, आणि तिची मजुरी बिगाऱ्याचीच राहते. उमेदवारी नावानिशी नोंदली गेली, तर तिला नाव नोंदवता येईल आणि वगळले तर जाबही विचारता येईल.

मंडळाने सुरुवात एखाद्या जिल्ह्यापासून करावी. अनुभवी मिस्त्रींची परीक्षा घेऊन त्यांना शिक्षक म्हणून नोंदवावे, प्रत्येकाकडे दोन उमेदवार द्यावेत आणि त्यातली एक जागा स्त्रीसाठी ठेवावी. आठवड्यातला एक दिवस आयटीआयमध्ये वर्ग भरावा, आणि त्या दिवसाची मजुरी दोन्ही उमेदवारांना मिळावी.