येशू देव, पण सांगणार कोण?

येशू पित्याशी एकतत्त्व, म्हणजे देवच, असे इ.स. 325 मध्ये निकेयाच्या धर्मसभेने ठरवले. चर्चच्या शिकवणीचा हा पाया. संस्कृत विदुषी पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला खरा. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य आणि येशूचे देवत्व त्यांना सहजी पटेना. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून हुज्जत घातली. क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नको, इथपर्यंत! खरा वाद अधिकाराचा होता. भटजींच्या जाचातून सुटलेली बाई बिशपांपुढे मान का तुकवेल? देवत्व त्यांनी पुढे मानले, चर्चची हुकमत मात्र नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावी, आपल्या मुक्ती मिशनमध्ये, त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल स्वतःच मराठीत आणले.