कोमागाता मारूला खासदार नव्हता

18 मे 2016 रोजी कॅनडाच्या संसदेत दोन गोष्टी घडल्या. दुपारी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी 102 वर्षांपूर्वी परत पाठवलेल्या एका बोटीबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली. त्या बोटीवरच्या प्रवाशांचे वंशज प्रेक्षकांच्या सज्जात बसून ती ऐकत होते. त्यानंतर काही तासांतच, त्याच सभागृहात, मतदानाच्या गडबडीत ट्रुडो यांनी एका विरोधी खासदाराला दंडाला धरून पुढे ओढले आणि त्यांचे कोपर मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या एका खासदार बाईंना लागले. मग काय, मथळ्यांत बोट मागे पडली आणि कोपर पुढे गेले.

ती बोट म्हणजे ‘कोमागाता मारू’. तिचा प्रवास जिथे रक्तात संपला ते गाव कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीच्या काठी आहे. त्याचे नाव बजबज. सियालदाहहून लोकल गाडी तिथवर जाते. ताग गिरण्या आणि तेलाच्या टाक्या ही या गावाची जुनी ओळख. 1756 च्या डिसेंबरात क्लाइव्हच्या फौजेने इथला किल्ला घेतला होता. 1897 च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परतले तेव्हा त्यांची बोट बजबजलाच लागली, आणि तिथून आगगाडीने ते सियालदाहला गेले. तिथे लोकांनी त्यांचे दणक्यात स्वागत केले. सतरा वर्षांनी त्याच काठाला लागलेल्या बोटीच्या स्वागताला मात्र पोलीस उभे होते.

कोमागाता मारूची हकिकत महाराष्ट्रात अगदीच अनोळखी नाही. पण ती बहुधा गदर चळवळीच्या इतिहासातले एक पान म्हणून सांगितली जाते. तिच्याकडे संसदेच्या बाजूने पाहिले, तर लोकप्रतिनिधी नावाच्या व्यवस्थेबद्दल बरेच काही उलगडते.

तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या सरहाली गावचे गुरदित सिंग सिंगापूर-मलायात कंत्राटदारी करत. त्यांनी ही जपानी बोट भाड्याने घेतली. 4 एप्रिल 1914 ला ती हाँगकाँगहून निघाली, शांघाय, मोजी आणि योकोहामा करत 23 मे रोजी व्हँकूवरला पोहोचली. बोटीवर 376 प्रवासी होते. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. सगळे पंजाबचे आणि सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. कॅनडाही त्याच साम्राज्यातला. आदल्या वर्षी, 1913 मध्ये, त्या देशाने चार लाखांहून अधिक स्थलांतरित घेतले होते. जागेची टंचाई नव्हती.

अडचण नियमाची होती, आणि तो नियम मोठ्या हुशारीने रचलेला होता. 1908 च्या या नियमानुसार कॅनडात येणाऱ्याने मायदेशातून न थांबता, एकाच तिकिटावर प्रवास करून आले पाहिजे. त्यात ‘हिंदुस्थानी’ हा शब्द कुठेही नव्हता. पण कोलकात्याहून असे थेट तिकीट विकणारी कंपनी एकच, कॅनेडियन पॅसिफिक, आणि ते विकू नये अशी समज सरकारने तिला दिलेली. शिवाय आशियाई माणसाच्या खिशात 200 डॉलर हवेत अशी दुसरी अट होती. कायदा सर्वांना समान आणि दार एकालाच बंद, ही किमया कागदावर कशी साधायची याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

आता खासदारसाहेबांकडे येऊ. हेन्री हर्बर्ट स्टीव्हन्स हे व्हँकूवर सिटी मतदारसंघातून 1911 साली निवडून आलेले हुजूर पक्षाचे खासदार. जन्म इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, म्हणजे तेही स्थलांतरितच. आशियाई लोक येऊ नयेत, ही त्यांच्या मतदारांची मागणी होती. 1907 च्या सप्टेंबरात व्हँकूवरमध्ये आशियाईविरोधी दंगल झालेली होती, वर्तमानपत्रे पेटलेली होती, मजुरी घसरेल अशी गोऱ्या कामगारांना धास्ती होती. स्टीव्हन्स यांनी हे गाऱ्हाणे ओटावाला नेले आणि सभागृहात सातत्याने मांडले. बोट बंदरात असताना 23 जून 1914 ला व्हँकूवरच्या डोमिनियन हॉलमध्ये महापौरांनी बोलावलेल्या सभेत त्यांनी भाषण केले. पंतप्रधान बोर्डन यांना ते तारा करत राहिले.

ते बोलूनच थांबले नाहीत. 19 जुलैच्या पहाटे ‘सी लायन’ नावाची टग पोलिसांना घेऊन बोटीवर चाल करून गेली, तेव्हा स्टीव्हन्स स्वतः त्या टगवर होते. वरून प्रवाशांनी दगडी कोळशाचा असा मारा केला की टगला माघार घ्यावी लागली. मग ‘रेनबो’ ही युद्धनौका आणली गेली. 23 जुलैला, दोन महिने बंदरात अडकून पडलेली कोमागाता मारू तिच्या पहाऱ्यात परत फिरली. आधीपासून कॅनडाचे रहिवासी असलेल्या वीसेक जणांनाच काय ते उतरता आले. बोटीवरचे एक प्रवासी मुन्शी सिंग यांचा चाचणी खटला अपील न्यायालयात आधीच फेटाळला गेला होता. किनाऱ्यावरच्या हिंदुस्थानी मंडळींनी बोटीच्या भाड्यासाठी हजारो डॉलर उभे केले होते, तेही वाया गेले.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे पाहिले, तर स्टीव्हन्स हे आदर्श लोकप्रतिनिधी ठरतात. मतदारांचे म्हणणे ऐकले, सभागृहात मांडले, पाठपुरावा केला, काम करून घेतले. आपल्याकडे असा खासदार लाभला तर लोक चौकाचौकात त्याचे फलक लावतील. मेख ‘मतदार’ कोण, या प्रश्नात आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1907 मध्ये हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेतला होता, आणि प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही मत नाही. स्टीव्हन्स यांच्याच शहरात लाकूड गिरण्यांत राबणारे, गुरुद्वारा उभारून राहिलेले शेकडो पंजाबी त्यांच्या मतदारसंघात राहत होते. पण ते त्यांचे मतदार नव्हते.

मग ज्यांची ही माणसे, त्या हिंदुस्थानात तरी त्यांच्या बाजूने कोणी बोलू शकत होते का? बोलणारे होते. कोलकात्यातच, 4 मार्च 1912 ला, गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात वेठबिगारीसारख्या करारी मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता. परदेशी गेलेल्या निरक्षर मजुरांचे हाल त्यांनी आकडे देऊन सभागृहापुढे ठेवले. त्या मजुरांपैकी एकाचेही मत गोखल्यांना मिळालेले नव्हते, मिळणे शक्यही नव्हते. ठराव 22 विरुद्ध 33 मतांनी पडला. सरकारी सभासदांचे पारडे जड ठेवूनच ते मंडळ बनवलेले होते. स्टीव्हन्स यांच्याकडे मतदार होते आणि सत्ता ऐकत होती. गोखल्यांकडे विषय होता, अभ्यास होता, आणि समोर सरकारी बाकांची भिंत. तरीही संसदीय कामाचा कस लावायचा झाला, तर माझ्या मते गोखल्यांचे पडलेले भाषण स्टीव्हन्स यांच्या जिंकलेल्या मोहिमेपेक्षा कितीतरी वरचे आहे.

परतीच्या वाटेवर महायुद्ध पेटले. हाँगकाँग आणि सिंगापूरला प्रवाशांना उतरू दिले नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला हिंदुस्थान सरकारने नवा वटहुकूम काढला: हिंदुस्थानात येणाऱ्या कोणालाही ताब्यात घेऊन त्याच्या हालचालींवर बंधन घालता येईल. 29 सप्टेंबरला बोट बजबजला लागली. पंजाबला नेणारी खास गाडी उभी होती. काही जण तीत बसले. बाकीच्यांनी गुरू ग्रंथसाहिब पुढे घेतला आणि ते पायी कोलकात्याकडे निघाले. फौज आणि पोलिसांनी त्यांना वाटेतून मागे वळवले. संध्याकाळी स्टेशनजवळ झटापट झाली आणि गोळीबार सुरू झाला. वीसच्या आसपास प्रवासी मारले गेले. पोलीस, अधिकारी आणि गावकरीही त्यात गेले. गुरदित सिंग निसटले आणि सात वर्षे भूमिगत राहून 1921 मध्ये ननकाना साहिब येथे स्वतःहून हजर झाले.

काही आठवड्यांनी, नोव्हेंबर 1914 मध्ये, गदर चळवळीतल्या कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर त्याच चळवळीतला एक मराठी तरुण अमेरिकेहून कोलकात्यात उतरला. तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. सिअॅटलला, व्हँकूवरपासून फार दूर नाही, तो इंजिनिअरिंग शिकत होता. 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या तुरुंगात तो फासावर गेला. अर्जविनंत्यांचा मार्ग त्या पिढीला का फोल वाटला, हे समजायला बजबज पुरेसे आहे.

कॅनडातल्या हिंदुस्थानी लोकांना मत परत मिळाले ते 1947 मध्ये. त्यानंतरही सभागृहात पोहोचायला चार दशके गेली. 1986 मध्ये मो सिहोता ब्रिटिश कोलंबियाच्या विधानसभेत निवडून आले, 1993 मध्ये गुरबक्ससिंग मल्ही पगडी बांधून ओटावाच्या संसदेत बसले. ब्रॅम्प्टन, सरे या शहरांत पंजाबी मते आता उमेदवार पाडू शकत होती, आणि जुने गाऱ्हाणे एकाएकी ‘मतदारांचा प्रश्न’ झाले. 15 मे 2008 ला ब्रॅम्प्टन-स्प्रिंगडेलच्या खासदार रूबी ढल्ला यांचा माफीविषयीचा ठराव संसदेत मंजूर झाला. आठवड्याभराने, बोट आली त्याच तारखेला, ब्रिटिश कोलंबियाच्या विधानसभेने एकमताने माफी मागितली. 3 ऑगस्टला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सरेमधल्या एका बागेत, मेळ्याच्या व्यासपीठावरून माफी मागितली. लोकांनी ती तिथल्या तिथे नाकारली. कायदा जिथे झाला तिथेच माफी नोंदली जावी, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती रास्त होती. पुढे सरे नॉर्थचे खासदार जसबीर संधू यांनी ती सभागृहात लावून धरली.

2016 मध्ये ट्रुडो माफी मागत होते तेव्हा संरक्षणमंत्रिपदी हरजित सज्जन होते, व्हँकूवर साउथचे खासदार. बोटीविरुद्ध जी पलटण तैनात केली होती, तिचेच ते पुढे कमांडर झाले होते. 2019 मध्ये व्हँकूवरमधल्या एका सरकारी इमारतीवरचे स्टीव्हन्स यांचे नाव काढण्यात आले.

बजबजच्या स्मारकाचे उद्घाटन 1952 मध्ये पंडित नेहरूंनी केले, आकाशाकडे झेपावणाऱ्या कृपाणासारखे ते दिसते. 2013 मध्ये रेल्वे स्थानकालाही बोटीचे नाव जोडले गेले. पण ओटावाच्या माफीचा विषय व्हँकूवरची बंदी एवढाच होता. गोळीबार ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारचा. त्याच्या चौकशीसाठी त्याच सरकारने सर विल्यम व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि समितीने अधिकाऱ्यांना दोषमुक्त करून ठपका गुरदित सिंग यांच्यावर ठेवला.