परदेशी कामाला जाताना: व्हिसा, पैसे आणि विमान

गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला की आपण विचारतो, कशासाठी? शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, मुलांच्या फीसाठी. हल्ली आणखी एक कारण ऐकू येते. दुबईला, कुवेतला, मस्कतला घरकामाला जायचे आहे, एजंटाला पैसे द्यायचे आहेत. जाणारी कधी आपली सदस्य असते, कधी तिची बहीण, कधी सून. अशा वेळी काय बघायचे ते आज आम्ही सांगणार आहोत. सगळ्यात महत्त्वाचे आधीच सांगतो. एजंटाच्या हातात पैसे जाण्याआधी कागद आपल्या हातात आले पाहिजेत.

पहिला कागद पासपोर्ट. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असे छापलेले असते. म्हणजे सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा 18 देशांत कामाला जायचे तर आपल्या सरकारची परवानगी लागते. ती ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या कार्यालयातून मिळते. असे कार्यालय मुंबईत आहे आणि अर्ज ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. परवानगी देताना मालक कोण, पगार किती, करार काय, हे तपासले जाते. ही आडकाठी नाही, ही आपली राखण आहे.

ईसीआर पासपोर्ट असलेल्या बाईसाठी आणखी दोन नियम आहेत. घरकामाला जाणारीचे वय 30 पूर्ण हवे. आणि 2016 पासून अशा बाईला खासगी एजंट पाठवू शकत नाही, त्यासाठी सरकारी संस्था नेमल्या आहेत. केरळची ओडेपेक आणि तेलंगणाची टॉमकॉम या त्यातल्याच. म्हणून गावात कोणी एजंट येऊन ‘शिक्षण नसले तरी चालेल, आठ दिवसांत पाठवतो’ म्हणाला, तर तिथेच थांबायचे.

हा नियम चुकवायला एक वाट काढली जाते. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे पोचल्यावर कामाचा करून देतो.’ मैत्रिणींनो, व्हिजिट व्हिसा हा पाहुणीचा व्हिसा. त्यावर काम करणे हा त्या देशात गुन्हा आहे. पगार मिळाला नाही, मारहाण झाली, तर तक्रार करायला जाणारीच आधी गुन्हेगार ठरण्याची भीती. हातात करार नाही, आपल्या सरकारकडे कामाला गेल्याची नोंद नाही. मुदत संपली की दंड चढतो. यूएईत तो दिवसाला 50 दिरहम आहे. म्हणून व्हिसाच्या कागदावर काय लिहिले आहे ते शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. करारात पगार, सुट्टी, राहणे-जेवण आणि परतीचे तिकीट लिहिलेले हवे.

आता पैसे. घरातला मुलगा किंवा नवरा एजंटामार्फत जात असेल, तर तो एजंट नोंदणीचा आहे का ते ई-मायग्रेटवर बघता येते. नोंदणी असलेल्या एजंटालाही 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणारा कायद्याबाहेर मागतो आहे. पैसे रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि पावती घ्या. गटाने हिशोबही मांडावा. एक लाखाचे कर्ज महिना दोन टक्क्यांनी घेतले तर नुसते व्याज महिन्याला दोन हजार. पहिला पगार येईपर्यंतचे हप्ते घरातले कोण भरणार, ते नाव ठरावात लिहा.

जाणारीचे बँक खाते तिच्या स्वतःच्या नावावर हवे. परदेशातून पैसे पाठवायला एनआरई खाते असते, त्याची चौकशी निघण्याआधीच बँकेत करा. हुंडीने पैसे पाठवणे बेकायदा आहे आणि बुडाले तर दाद नाही. ईसीआर परवानगीबरोबर प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाखांचे संरक्षण.

आता विमान. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे असेल तर विमानतळावर अडवतात. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. सामानात खसखस नको. आपण मसाल्यात, लाडवात सहज घालतो, पण यूएई, सौदी, कतारमध्ये तिला बंदी आहे. खोकल्याची काही औषधेही तिथे चालत नाहीत, म्हणून औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा आणि ते औषध तिथे चालते का ते आधी विचारा. दुसऱ्याचे पुडके तर कधीच घेऊ नका. 2019 मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात चरस निघाला. कतारच्या तुरुंगात त्यांचे बाळ जन्मले आणि 2021 मध्ये ते निर्दोष सुटले.

पासपोर्ट, व्हिसा, करार आणि तिकीट यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक घरी, एक गटाच्या फाइलमध्ये. तिकडे मालकाने पासपोर्ट काढून घेणे यूएई, कुवेत, कतारमध्ये बेकायदा आहे, हे जाणारीला सांगून ठेवा. भारतीय दूतावासाचा नंबर तिला पाठ हवा. आपल्याकडून चौकशीसाठी 1800 11 3090 हा सरकारचा मोफत नंबर आहे.

परदेशी कमावून घर उभे करणाऱ्या बायका आहेत आणि आपल्या मैत्रिणीची ती वाट आपल्याला बंद करायची नाही. तिचा अर्ज पुढे आला की ‘आधी कागद दाखव’ एवढे सगळ्यांनी मिळून म्हणा. एकटी बाई एजंटाला हे विचारताना बिचकते. दहा जणी सोबत असल्या की ती बिनधास्त विचारते.