डॉक्टरांच्या जेवणाचं बिल

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या हृदयरोगतज्ज्ञांना व्याख्यानाचं मानधन, सल्ल्याची फी, प्रवासखर्च, जेवण देतात. २०१०च्या कायद्यानुसार हा खर्च कंपन्यांना सरकारला कळवावा लागतो. २०१४पासून ‘ओपन पेमेंट्स’ या सरकारी संकेतस्थळावर तो डॉक्टरांच्या नावानिशी कोणालाही पाहता येतो.

२०१६च्या एका अभ्यासात कंपनीचं एकच जेवण, तेही सरासरी २० डॉलरच्या आतलं, घेतलेले डॉक्टर रोसुवास्टॅटिन, नेबिवोलोल यांसारखी त्या कंपनीची ब्रँडेड औषधं अधिक लिहून देताना आढळले. यातून लाच सिद्ध होत नाही. ते औषध आधीच पसंत असणारेच जेवायला गेले असतील.

भारतात औषध-विपणनाच्या २०२४च्या संहितेने कंपन्यांना डॉक्टरांना भेटवस्तू द्यायला मनाई केली; नावानिशी यादी मात्र जाहीर होत नाही. तेव्हा ‘स्वस्त जेनेरिक चालेल का?’ हे रुग्णाने खुशाल विचारावं.